चौथीचं शेवटचं वर्ष चालूय, पाचवीला कुठं घालू? आणि स्कॉलरशिपचं काय करू?

आलंवाली
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितीय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, गावाचं नाव सांगत नाही कारण गाव एवढुसं आहे की सांगितलं तर उद्या सकाळी डेअरीवर चर्चा. शेती आहे, आलं आणि घेवडा. पोरगी झेडपीच्या शाळेत चौथीला. शाळा चौथीपर्यंतच, एक सर एक मॅडम, पट एकोणीस. चौथीत तिघंजण, आमची आणि दोन पोरं.

आता दिवाळीची सुट्टी संपल्यापासून घरात रोज एकच विषय, पुढं काय. शेजारच्या गावात झेडपीचीच सातवीपर्यंतची शाळा आहे, दोन किलोमीटर. सासूबाई म्हणतात तिथं घाला, आमची सगळी तिथंच शिकली. मिस्टर म्हणतात पाचवीपासून हायस्कूलच बरं, ते साडेचार किलोमीटर, एसटी आहे पण तुम्हाला माहितीय एसटी कशी आहे. आणि सातारला नणंद आहे ती म्हणतीय माझ्याकडं पाठवा, इथं चांगल्या शाळा आहेत, दोन वर्षांत पोरगी फाडफाड इंग्लिश बोलेल. नणंद मनानं चांगली आहे, उगीच काही नाही, पण दहा वर्षांची पोरगी.

त्यात सरांनी सांगितलं की यंदा चौथीची पण स्कॉलरशिप होणार आहे. आम्हाला वाटलेलं ती पाचवीला असते. सर म्हणतात रोज तासभर जादा बसवतो, रविवारी पण येतो. सर खरंच कष्टाळू आहेत. पण पोरगी कंटाळलीय असं मला वाटतं, परवा झोपेत "पर्याय क्रमांक तीन" म्हणाली.

आणि अजून एक, हे कुणाला सांगितलं तर हसतील पण लिहितेच. आमच्या शाळेत घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, आणि टोल चौथीच्या पोरांनीच द्यायचा हा नियम. आठवड्याचे सहा वार आणि पोरं तीन, म्हणून दोन दोन दिवस वाटून घेतलेत. हिचे सोमवार आणि गुरुवार. त्या दिवशी शाळा साडेदहाची असली तरी ही नऊलाच दप्तर अडकवून दारात उभी. परिपाठ घेणं, पहिलीच्या पोरांना नळावर हात धुवायला नेणं, खिचडीची ताटं वाटणं, सगळं ही तिघंच बघतात. घरी येऊन मला हुकूम सोडते "रांगेत या" म्हणून. तर तिला पाचवीला कुठं जायचं याचं काही पडलेलं नाही. तिला टेन्शन वेगळंच आहे, पुढच्या वर्षी चौथीत एकच पोरगा येणार, आत्ता तिसरीत आहे तो, त्याला एकट्याला सहाही दिवस टोल द्यावा लागणार, आणि त्याचा हात पोचत नाही!

तर विचारायचं एवढंच की पाचवीला कुठं घालावं, स्कॉलरशिपच्या मागं किती लागावं, आणि तुमचं कसं गेलं हे वर्ष. लांबलं, सॉरी.


वाईकर_सध्या_पुण्यात
ताई, पाठवू नका सातारला. माझं चौथीनंतर झालंय तसं, मामाकडं पुण्याला. मामा-मामी देवमाणसं, काही कमी केलं नाही, पण दर शनिवारी स्वारगेटला कुणी वाईला जाणारं ओळखीचं दिसतंय का बघायला जायचो. बाकी हायस्कूल की झेडपी ते जाणकार सांगतील.


खडूफळा
मी सदतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, माण, खटाव आणि शेवटची नऊ वर्षं तुमच्याच तालुक्यात. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी हा चौथी पाचवीचा घोळ. कायद्यानं प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक, हे आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यापासून ठरलं. पण गावोगाव शाळा आहेत त्या जुन्या हिशोबानं बांधलेल्या, कुठं चौथीपर्यंत कुठं सातवीपर्यंत, आणि हायस्कुलं सुरू होतात पाचवीपासून. त्यामुळं कागदावर तुमच्या पोरीचं शेवटचं वर्ष अजून यायचंय आणि प्रत्यक्षात ते चालू आहे. स्कॉलरशिपचंही तसंच. आधी चौथी आणि सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला केली, आता परत चौथी सातवीवर आणतायत आणि हे मधलं वर्ष असल्यामुळं यंदा म्हणजे २०२५-२६ ला चारी वर्गांची होणार. तुमचे सर बरोबर सांगतायत. आठ-नऊ वर्षांत गाडी निघाली तिथंच परत आली, मधल्या मधे मास्तरांनी दोनदा पुस्तकं बदलली.

परीक्षा घेते ती पुण्याची परीक्षा परिषद. पाचवीला जो पॅटर्न चालत आलाय तो असा, दोन पेपर, दोन्ही दीडशे मार्कांचे, दीड दीड तास. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. एका पेपराला पंच्याहत्तर प्रश्न, त्यातले पन्नास गणिताचे किंवा बुद्धिमत्तेचे. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट बारा सेकंद, वाचून, समजून, गोल रंगवून. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात चाळीस टक्के लागतात, पण नुसतं पात्र झालं म्हणजे पैसे मिळत नाहीत, त्यासाठी गुणवत्ता यादीत यावं लागतं. आली तर वर्षाला ५००० रुपये, तीन वर्षं. हे आईबापांना आधी सांगायला पाहिजे, आम्ही सांगत नाही, कारण शाळेची टक्केवारी लागते.

माझं मत विचाराल तर बसवा, पण झोपेत पर्याय यायला लागले म्हणजे जादा तास जरा जास्त झाला. बुद्धिमत्तेच्या पेपराला मारून मुटकून काही होत नाही. आरशातली प्रतिमा, घड्याळ, दिशा, नातेसंबंध, हे घरात येता जाता होतं. शेतात उभी असली की विचारायचं, तोंड उगवतीला, डावीकडं दोनदा वळलीस, आता समोर कोण? गणितासाठी बाजारात न्या, हिशोब तिला करू द्या. गोल रंगवायचा सराव मात्र करून घ्या, हुशार पोरं तिथंच मार खातात, एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एकानं सरकतात.

पाचवीचं म्हणाल तर दोन किलोमीटरवरची झेडपी वाईट नाही, पण आधी जाऊन बघा. बोर्ड नका बघू, पट किती, शिक्षक किती, पाचवीला कोण शिकवतो ते बघा. पाचवी आता पहिल्यासारखी ढकलपास नाही, वार्षिक परीक्षा असते, त्यात राहिलं तर फेरपरीक्षा, तिथंही राहिलं तर परत तोच वर्ग. तेव्हा पाचवीला नवी शाळा, नवी पोरं आणि वर एसटीची वाट बघणं हे तिन्ही एकदम करायचं का, एवढा विचार करा. हायस्कूल वाईट असं नाही म्हणत. मुलींना पाचवीपासून एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती, हायस्कूलवालेच फॉर्म भरून घेतात. पण पास फुकट असला तरी गाडी यायला पाहिजे ना.

आणि घंटेचं. हसायचं काय त्यात? माझ्या बदल्या झाल्या तिथं तिथं मी पहिल्या दिवशी चौथीच्या पोरांच्या हातात घंटा दिली. घड्याळ न येणारी पोरं पंधरा दिवसांत घड्याळ शिकली. एकदा एका पठ्ठ्यानं पाऊस यायच्या आधी म्हणून पाऊण तास आधीच शाळा सोडली, केंद्रप्रमुख त्याच वेळी फाटकात. तो किस्सा परत कधीतरी.


आलंवाली
गुरुजी मनापासून आभार. टक्केवारीचं तुम्ही लिहिलंत म्हणून विश्वास बसला. जादा तास आठवड्यातनं चार दिवस करा असं सरांशी बोलते. अजून एक विचारायचं राहिलं, नवोदयला, त्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेला, कधी बसवायचं असतं? नणंद म्हणतीय सातारला असली की नवोदयचे क्लास पण लावता येतील.


पलूसकडचा
थांबा थांबा ताई, नणंदेचं ऐकून इथंच चूक होते. नवोदय सहावीला घेतात आणि परीक्षा पाचवीत असताना होते, तेव्हा यंदा तुमचा संबंध नाही, पुढच्या वर्षी. तुमच्या जिल्ह्याचं सातारजवळ खावलीला, आमचं सांगलीचं पलूसला. पण मेन गोष्ट ही की कमीत कमी पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण पोरांच्या, आणि ग्रामीण कोण, तर तिसरी चौथी पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत पूर्ण शिकलेलं. गाव कुठलं याला किंमत नाही, शाळा कुठं याला आहे! पाचवी सातारा शहरात केली की ती शहरी झाली, मग सातबारा दाखवा नायतर सरपंचाचा दाखला आणा. आमच्या भावकीत झालंय हे. पाचवीला क्लाससाठी म्हणून शहरात खोली घेतली, आई पोराबरोबर तिथं, बाप इकडं गुरांपाशी, क्लासवाल्यानं फी घेताना हे काही सांगितलं नाही, आणि फॉर्म भरताना सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी. बसला तो परीक्षेला, पण उरलेल्या जागांत.

पेपर म्हणाल तर दोन तास, ऐंशी प्रश्न, शंभर मार्क. निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे, बाकी गणित आणि भाषा निम्मे निम्मे. ऐंशी पोरं घेतात एका जिल्ह्यातनं, बसतात हजारोंनी, तेव्हा लागली तर लॉटरी समजा. स्कॉलरशिपचा अभ्यास केलेला असला की याला वेगळं फार काही करावं लागत नाही.


वाईकर_सध्या_पुण्यात
मुलगी असली तर सैनिक स्कूलचं पण बघा की, देशातली पहिली सैनिक स्कूल आपल्या सातारची, १९६१ ची. आता मुलींना पण घेतात. ती पण सहावीलाच.


पलूसकडचा
अहो पोरगी घंटेवर खूश आहे आणि तुम्ही तिला परेडला उभी करताय 😄


विट्याचा_गलाईवाला
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, सल्ला वगैरे काही नाही माझ्याकडं, मी चौथीवाला माणूस. म्हणजे पुढं शिकलो पण खरी शाळा चौथीपर्यंतचीच.

खानापूर तालुक्यातलं गाव, आमच्याकडं पाऊस नाही पण सोनं आहे असं म्हणतात, कारण घरटी एक माणूस गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, बाहेर. १९९४ ला माझी चौथी झाली. चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, आख्खं वर्ष तेच, आणि आमचे गुरुजी असे शिकवायचे की अफजलखानाच्या भेटीच्या दिवशी कुणी पाणी प्यायला पण उठलं नाही. सहल प्रतापगडला गेली, एसटीनं, मी घाटात तीनदा ओकलो आणि वर गेल्यावर बुरुजावर सगळ्यात पुढं मीच. ते वर्ष म्हणजे आम्ही शाळेचे राजे. गुरुजींची सायकल पुसायला चौथी, फळा काळा करायला चौथी, बॅटरीचे सेल फोडून कोळशाची पूड आणि झाडपाला वाटून फळ्याला फासायचा, हात आठ दिवस काळे, पण तिसरीच्या पोरानं फळ्याला हात लावला तर मारामारी व्हायची.

निरोपाला आम्ही दोन दोन रुपये काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मागच्या बाजूला गुरुजींनी ऑइलपेंटनं आमची सगळ्यांची नावं लिहिली, चौदा पोरं आणि सहा पोरी. भाषणाला मी उभा राहिलो आणि "अध्यक्ष महाशय" म्हणून पुढचं सगळं विसरलो. मग खाली बसून रडलो तर सगळ्यांना वाटलं निरोपाचं रडतोय. खरं तर मी भाषण विसरलो म्हणून रडत होतो.

मे महिन्यात वडील आले, कोइमतूरला त्यांनी स्वतःचं दुकान टाकलेलं, आणि सगळ्यांना घेऊन गेले. तिथं शाळेत नाव घालायला गेलो तर माझा दाखला मराठीत. तिथल्या मोठ्या सरांनी उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, वडलांनी तोडक्या तमिळमध्ये एक एक ओळ सांगितली, वर्तणूक चांगली, अभ्यास समाधानकारक. त्यात आपल्याकडं तेव्हा एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, आणि तिथली माझ्या वयाची पोरं पुस्तक वाचत होती. मला परत तिसरीत बसवलं. प्रतापगडच्या बुरुजावरचा राजा तिसरीत, शेवटच्या बाकावर, आणि फळ्यावरचं एक अक्षर ओळखीचं नाही. सहा महिने मी कुणाशी बोललो नाही. नंतर तमिळ अशी आली की आता बायको म्हणते तुम्ही भांडता पण तमिळमध्ये.

मागच्या जत्रेला गावी गेलो तेव्हा शाळेत घड्याळ बघायला गेलो. आमची खोलीच नाही. सर म्हणाले तिचं निर्लेखन झालं, म्हणजे मोडीत काढली, नवी बांधली, जुनं सामान कुठं गेलं कुणाला माहिती नाही. नव्या खोलीत टीव्ही आहे, रंग मस्त दिलाय, भिंतीवर मुळाक्षरं. मी पोरांना गोळ्या वाटल्या आणि आलो.

ताई पोरगीला टोल देऊ दे.


सांगलीची_आई
विटेकर दादा तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

आलंवाली ताई, माझ्या मुलीचं चौथीचं वर्ष म्हणजे २०१९-२०. आम्ही राहायला गावभागात. आठवतंय ना ते साल? ऑगस्टमध्ये पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर, म्हणजे धोक्याची पातळी पंचेचाळीस, तिच्यावर आणखी बारा. आम्ही दुसऱ्या दिवशी रात्री बोटीनं बाहेर पडलो, बहिणीकडं मिरजेला. दप्तर खालीच राहिलं होतं. पाणी उतरल्यावर आलो तर घरभर चिखल, आणि दप्तरातली पुस्तकं फुगून एवढाली झालेली. तिनं इतिहासाचं पुस्तक टेरेसवर एक एक पान सुटं करून वाळवलं, पानावर दगड ठेवून. नवीन पुस्तकं शाळेतनं मिळाली नंतर, पण ती तेच वापरायची, वास यायचा त्याला. शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ कितीतरी दिवस होती, पोरं तिच्या शेजारी उभी राहून उंची मोजायची, कोण बुडालं असतं आणि कोण नाही असा खेळ. मला ऐकवायचं नाही, मुलांना काही वाटायचं नाही.

कसंबसं वर्ष रुळावर आलं, जानेवारीत स्नेहसंमेलन झालं, निरोप समारंभाचं नाटुकलं बसवायला घेतलं होतं, ही सूत्रधार. आणि मार्चच्या मध्यात शाळा बंद. आधी वाटलं पंधरा दिवस. मग पहिली ते आठवी परीक्षाच रद्द, सगळे पास. ना निरोप, ना ग्रुप फोटो, ना एक मेला झेंडावंदन करून हातात प्रगतिपुस्तक. दाखला मी मास्क लावून जाऊन आणला, मॅडमनी खिडकीतनं दिला. ती खाली गाडीवर बसलेली, शाळेत यायचं म्हणाली तर मीच नको म्हटलं. ते आता वाटतं नको म्हणायला नको होतं. पाचवी मोबाईलवर झाली.

आता ती दहावीत आहे, फेब्रुवारीत बोर्ड. मागच्या आठवड्यात त्यांच्या शाळेत सेंडऑफचं ठरवत होते तर घरी येऊन म्हणाली, मला चौथीचाच करायचा राहिलाय, हा कसला दुसरा.

म्हणून सांगते, फोटो मार्चपर्यंत ठेवू नका, याच आठवड्यात काढा. तिघांचा, टोलाजवळ. सर आणि मॅडमना घेऊन एक. स्वयंपाकवाल्या मावशींना पण घ्या, त्या कुठल्याच फोटोत नसतात.


जुनं_पान
तुमची चौथी आणि पाचवी काय घेऊन बसलात. आमच्या वेळेला प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष म्हणजे सातवी, आणि सातवी म्हणजे फायनल! व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झाला की गडी मास्तर नायतर तलाठी व्हायला मोकळा. माझा थोरला भाऊ सातवी फायनल, त्याची लग्नपत्रिका छापली तर नावापुढं व्ह. फा. छापलंय, माझ्याकडं आहे अजून. आमच्याकडं देवराष्ट्र्याच्या शाळेचं नाव सांगायचे, यशवंतराव चव्हाण तिथं शिकले म्हणून, आणि मास्तर छडी हाणताना तेच नाव घ्यायचे, एक तो शिकला आणि एक तू. एवढा मार यशवंतरावांमुळं खाल्लाय मी.

पोरीला कुठं पण घाला पण चालत जाता येईल अशा शाळेत घाला.


खडूफळा
जुनं पान, व्ह. फा. बरेच दिवसांनी ऐकलं. आमचे वडील पण फायनलच, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, आणि पावकी निमकीचे पाढे शेवटपर्यंत पाठ.

आलंवाली ताई, एक कामाचं राहिलं म्हणून परत आलो. दाखला काढायच्या आधी, म्हणजे आत्ताच, सरांकडं जाऊन दाखल खारीज रजिस्टरमधली, म्हणजे शाळेत आल्या-गेल्या पोरांच्या नोंदवहीतली, पोरीची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नाव, वडलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, जन्मगाव, जात. आधारशी आणि जन्मदाखल्याशी जुळवून बघा. काना मात्रा सुद्धा. शाळेत नाव आहे तोवर दुरुस्ती सोपी, एकदा दाखला निघाला की मग शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत कागद फिरतो आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी, नायतर जात पडताळणीच्या वेळी आईबाप रडत येतात. मी स्वतः अशा किती जणांच्या मागं फिरलोय.

परवा सात नोव्हेंबर झाला, शाळेत विद्यार्थी दिवस केला असेल बघा. ते का, तर ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव सातारच्या शाळेत घातलं, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये. रजिस्टरला १९१४ नंबरला भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे आणि ती अजून जपून ठेवलीय. सव्वाशे वर्षं झाली त्या एका ओळीला. कुणा कारकुनानं नायतर मास्तरानं दौत टाक घेऊन लिहिलेली. मी शेवटी शेवटी नव्या शिक्षकांना एवढंच सांगायचो, रजिस्टर लिहिताना चहा बाजूला ठेवा.


आलंवाली
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्री मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, गलाईवाल्या दादांचं वाचताना ते उठून बाहेर गेले, त्यांचे पण चुलते बंगलोरला असतात. सासूबाईंना व्ह. फा. फार आवडलं, त्यांचे वडील पण तेच होते म्हणे, आम्हाला आजच कळलं.

ठरलंय ते असं. सातारला नाही. नणंदेला मी फोन केला, जरा रुसली, पण नवोदयचा नियम सांगितल्यावर म्हणाली मग बरोबर आहे, सुट्टीत पाठव. शेजारच्या गावची शाळा सोमवारी बघून आलो. पाचवीत अकरा पोरं आहेत, एक मॅडम आहेत त्या स्वतः मैदानात लंगडी खेळत होत्या, मला तेवढं पुरे झालं. एक वर्ष तिथं, मग सहावीचं बघू. स्कॉलरशिपला बसणार आहे, पण रविवारचा तास बंद. सर पहिल्यांदा जरा नाराज दिसले, मग म्हणाले मला पण रविवारी शेतात काम असतं.

रजिस्टर पण बघितलं. गुरुजी तुमच्या पाया पडायला पाहिजे, आईच्या नावात माझं माहेरचं नाव लागलंय! सरांनी लगेच अर्ज लिहून घेतला.

सांगलीच्या ताई, फोटो झाले काल. मावशी आधी नको नको म्हणाल्या, मग घरी जाऊन पातळ बदलून आल्या.

आणि ते तिसरीतल्या पोराचं. काल गुरुवार, हिचा दिवस. सकाळी बघते तर देवघरापुढचा पाट गायब. सासूबाई ओरडतायत पूजेला बसू कशावर, आणि ही पाट दप्तराला दोरीनं बांधून कधीच गेलेली. सर सांगत होते पाटावर उभं राहून पोचला त्याचा हात, पण पहिलाच टोल एवढा जोरात दिला की पाटावरनं खाली आला. गुडघा फुटलाय. आज परत गेली पाट घेऊन.


पलूसकडचा
सासूबाईंना नवीन पाट घ्या आता 😄


जुनं_पान
पाट नको. पोत्यात माती भरून ठेवा म्हणावं, हलत नाही.